आंब्याचा शत्रू – भिरूड

(आंब्याचे खोड आतून पोखरणाऱ्या भिरूड या किड्याची माहिती या पाठात दिली आहे. तो कसा दिसतो, त्याच्या जीवनाच्या चार अवस्था कोणत्या आणि त्याला वेळीच कसे ओळखावे, हे लेखकाने लहानपणीच्या एका आठवणीतून सांगितले आहे.)

मी त्या वर्षी आठवीत होतो. मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही भावंडे आजोळी जात असू. आमचे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान गावात आहे. कौलारू घर, पुढे अंगण, मागे विहीर आणि विहिरीजवळ हापूस आंब्याचे एक जुने झाड. ते कलम नानाजानांच्या वडिलांनी लावले होते. दुपारी त्याच्या सावलीत बसून आम्ही आंबे खात असू.

त्या वर्षी मात्र एस. टी.तून उतरून घराकडे वळलो आणि थबकलोच. विहिरीजवळच्या झाडावर एकही हिरवे पान नव्हते. सुकलेल्या फांद्या आभाळाकडे हात पसरून उभ्या होत्या.

"नानाजान, झाडाला काय झाले?" मी विचारले.

"बेटा, झाड गेले," नानाजान एवढेच म्हणाले.

गावातले लोक नाना तर्क करीत होते. कोणी म्हणे, झाडावर वीज पडली असेल. कोणी म्हणे, नजर लागली. कोणी म्हणे, विहिरीचे पाणी खोल गेले, म्हणून झाड सुकले. खरे कारण कोणालाच माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड आणि करवत घेऊन लाकूडतोड्या आला. झाड आडवे झाले. बुंध्याचा कापलेला भाग पाहून तो म्हणाला, "चाचा, इकडे या. हे बघा. तुमच्या झाडाला भिरूड लागला होता."

आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. लाकडात अंगठा आत जाईल एवढी भोके होती. एखाद्या घुशीने जमिनीत बिळे करावीत, तसे वाकडेतिकडे बोगदे खोडात गेले होते. त्यांत लाकडाचा भुसा ठासून भरला होता. बाहेरून भक्कम दिसणारे खोड आतून पोकळ झाले होते.

नानाजान विहिरीच्या कठड्यावर बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "दोन वर्षे दिवाळीच्या सुमारास बुंध्याशी असा भुसा पडलेला मी पाहत होतो. मला वाटले, मुंग्यांनी उकरले असेल. मी तो झाडून टाकी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडे. पुन्हा मी झाडून टाकी. झाड मला सांगत होते, पण मी ऐकले नाही."

इतक्यात लाकूडतोड्याने एक ओंडका फोडला. आत एक लांबट पोकळी होती आणि तिच्यात एक मोठा भुंगेरा पाय आखडून बसला होता.

"हात लावू नका, पोरांनो! चावतो हा," लाकूडतोड्या ओरडला.

नानाजानांनी एका काडीने भुंगेऱ्याला काचेच्या बरणीत ढकलले. बरणीच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि ती ओटीवर ठेवली. आम्ही मुले तिच्याभोवती गोळा झालो.

भुंगेऱ्याचे रूप

खरे सांगायचे, तर भुंगेरा फार देखणा होता. त्याची लांबी सुमारे पाच सेंटीमीटर, म्हणजे माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढी होती. रंग राखाडी तपकिरी, आंब्याच्या सालीसारखाच. खोडावर बसला तर चटकन दिसणारही नाही. डोक्यामागच्या भागावर काजूगराच्या आकाराचे दोन नारिंगी ठिपके होते. त्याच भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा होता. पाठीवरही लहानमोठे पिवळसर नारिंगी ठिपके होते. खांद्याजवळ मोहरीच्या दाण्यांसारखे काळे, चकचकीत उंचवटे होते. अंगाच्या दोन्ही कडांना डोक्यापासून मागपर्यंत एकेक पांढरा पट्टा गेला होता.

पण सगळ्यांत नजरेत भरत होती ती त्याची शिंगे. ती त्याच्या शरीराहूनही लांब होती आणि बांबूसारखी पेरापेरांची होती. ती हलवीत तो काचेची चाचपणी करीत होता. बरणी हलवली की तो "किर्र किर्र" असा आवाज काढी.

त्याच आठवड्यात शेतकी खात्याचे एक अधिकारी गावात आले होते. नानाजानांनी त्यांना घरी बोलावले. त्यांनी बरणी हातात घेतली आणि ते म्हणाले, "हा आंब्याचा खोडकिडा. कोकणात याला भिरूड म्हणतात. शास्त्रज्ञ याला बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा म्हणतात. नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आहे 'तांबड्या ठिपक्यांचा'. डी गीर नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने 1775 साली याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले."

"साहेब, याची शिंगे एवढी लांब कशाला?" माझ्या धाकट्या भावाने विचारले.

"बाळा, ही गाईम्हशींसारखी मारायची शिंगे नव्हेत," ते हसून म्हणाले. "यांना स्पर्शिका म्हणतात. यांनी भुंगेरा वास घेतो आणि वस्तू चाचपून पाहतो. नराच्या स्पर्शिका शरीरापेक्षा लांब असतात. मादीच्या थोड्या आखूड असतात. या शिंगांमुळेच या कुळातल्या किड्यांना लांबशिंगी भुंगेरे असे नाव पडले आहे. जगात यांच्या तीस हजारांहून अधिक जाती आहेत."

"आणि हा आवाज कसा करतो? तोंडाने?" मी विचारले.

"नाही. छातीचे दोन भाग एकमेकांवर घासून. संकट आले की तो असा आवाज करतो."

मग त्यांनी पाठीवरचे कडक पंख दाखवले. पेटीला झाकण असावे, तसे हे पुढचे पंख असतात. त्यांच्याखाली उडण्याचे पातळ पंख घडी घालून ठेवलेले असतात. ज्या कीटकांना असे कवचासारखे पंख असतात, त्यांना कवचपंखी कीटक म्हणतात.

चार अवस्था

नानाजानांनी विचारले, "साहेब, एवढा मोठा भुंगेरा खोडात शिरला कसा? सालीवर एवढे मोठे भोक तर मी कधी पाहिले नाही."

"चाचा, तो शिरला तेव्हा एवढा मोठा नव्हताच," अधिकारी म्हणाले. "तो खोडातच वाढला. याची गोष्ट सुरुवातीपासून ऐका."

त्यांनी सांगितलेली गोष्ट मला अजून आठवते.

पावसाळा सुरू झाला की भुंगेरे खोडातून बाहेर पडतात. ते बहुधा रात्री उडतात आणि दिव्याकडे आकर्षित होतात. कोवळ्या फांद्यांची हिरवी साल कुरतडून ते पोट भरतात. मग नर आणि मादी एकत्र येतात. मादी आपल्या धारदार जबड्यांनी खोडाच्या किंवा जाड फांदीच्या सालीला लहानशी चीर पाडते. त्या चिरेत ती एक अंडे घालते. मग थोडे पुढे सरकून दुसरी चीर, दुसरे अंडे. सगळी अंडी ती एका जागी घालत नाही. अंडे जेमतेम भाताच्या दाण्याएवढे असते. ही पहिली अवस्था.

एक ते दोन आठवड्यांत अंड्यातून अळी बाहेर येते. ही दुसरी अवस्था. अळी पिवळसर पांढरी असते. तिला पाय नसतात, पण तपकिरी डोक्यावर मजबूत जबडे असतात. या अळीचे काम एकच, खाणे आणि वाढणे. आधी ती सालीच्या आतला मऊ भाग खाते. मोठी झाली की लाकडात शिरते. आत अंधार, ऊन नाही, पाऊस नाही, अन्न भरपूर. कित्येक महिने ती खोड पोखरत राहते. पूर्ण वाढलेली अळी आठ ते दहा सेंटीमीटर लांब, म्हणजे भुंगेऱ्याच्याही दुप्पट असते. बोगद्यात साठलेला भुसा आणि विष्ठा ती भोकातून बाहेर ढकलते. बुंध्याशी पडतो तो हाच भुसा.

पूर्ण वाढ झाल्यावर अळी खोडात एक लांबट पोकळी तयार करते आणि खाणे थांबवते. तिचा कोष होतो. ही तिसरी अवस्था. कोष काही खात नाही, जागचा हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, झोपला आहे. पण आत फार मोठा बदल चाललेला असतो. बिनपायांच्या अळीला सहा पाय फुटतात, पंख येतात, लांब शिंगे येतात. सुमारे तीन ते चार आठवड्यांत कोषातून भुंगेरा तयार होतो. ही चौथी अवस्था.

भुंगेरा तयार झाला तरी तो लगेच बाहेर पडत नाही. पाऊस सुरू होईपर्यंत तो त्या पोकळीतच थांबतो. आम्हाला ओंडक्यात सापडला तो असाच वाट पाहत बसलेला भुंगेरा होता. पाऊस आला की साल कुरतडून तो गोल भोक पाडतो आणि बाहेर येतो. आपल्याकडे साधारणपणे वर्षभरात असे एक चक्र पूर्ण होते.

"म्हणजे चाचा," अधिकारी म्हणाले, "मोठे गोल भोक दिसते, तेव्हा चोर घर लुटून निघून गेलेला असतो. भुसा दिसतो, तेव्हा मात्र चोर अजून घरातच असतो."

झाड का मरते?

"पण साहेब, एवढ्याशा अळीने एवढे मोठे झाड कसे मरते?" मी विचारले.

त्यांनी जमिनीवर काडीने खोडाचे चित्र काढले. झाडाच्या खोडात दोन वाटा असतात. एका वाटेने मुळांनी शोषलेले पाणी वर पानांकडे जाते. सालीलगतच्या दुसऱ्या वाटेने पानांनी तयार केलेले अन्न खाली मुळांकडे येते. अळी या दोन्ही वाटा तोडते. एखादीच अळी असेल, तर सशक्त झाड तग धरते. पण खोडात अनेक अळ्या झाल्या, तर फांद्यांना पाणी मिळत नाही आणि मुळांची उपासमार होते. पाने पिवळी पडतात, गळतात. एकेक फांदी वाळते. शेवटी सगळे झाड वाळते. जुन्या, अशक्त आणि दुर्लक्षित झाडांना हा धोका अधिक असतो. आंब्याप्रमाणेच अंजीर, फणस आणि सावर या झाडांनाही हा किडा लागतो.

नानाजान गप्प होते. मग त्यांनी हळूच विचारले, "अंगणातल्या झाडाला पण लागेल का?"

अंगणात दुसरे हापूसचे झाड होते. ते नानाजानांनी स्वतः लावले होते.

"लागू शकेल," अधिकारी म्हणाले. "म्हणून पहिली गोष्ट करा. हे तोडलेले लाकूड पावसाळ्यापर्यंत घरात साठवू नका. त्यात आणखी भुंगेरे असतील. पाऊस पडला की ते बाहेर येतील आणि अंगणातल्या झाडावर अंडी घालतील. आधीच सगळे लाकूड जाळून टाका. दुसरी गोष्ट, रोज बुंध्याकडे पाहत जा."

नानाजानांनी तसेच केले. पाऊस येण्यापूर्वी सगळे ओंडके जाळले. बरणीतला भुंगेरा काही दिवसांनी मेला. त्याचे नारिंगी ठिपके हळूहळू फिके पडले.

अंगणातले झाड

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा आजोळी गेलो. एका सकाळी मी अंगणात दात घासत उभा होतो. आंब्याच्या बुंध्याशी मूठभर ओलसर भुसा पडलेला मला दिसला. मी तसाच धावत आत गेलो.

"नानाजान, भुसा! झाडाखाली भुसा पडलाय!"

नानाजान चहाचा कप तसाच ठेवून बाहेर आले. आम्ही खोड नीट तपासले. जमिनीपासून दोन हात उंचीवर सालीत एक ओलसर भोक होते. त्यातून चिकट रस आणि भुसा येत होता. नानाजानांनी सुरीने भोकाभोवतीची कुजलेली साल काढली. सायकलच्या चाकाची एक तार घेतली आणि तिचे टोक आकड्यासारखे वाकवले. ती तार हळूहळू बोगद्यात घालून त्यांनी फिरवली. दोन-तीन वेळा नुसता भुसाच आला. चौथ्या वेळी आकड्याला अडकून जाड, पांढरी अळी बाहेर आली. ती माझ्या करंगळीपेक्षाही लांब होती.

मग नानाजानांनी शेतकी अधिकाऱ्यांनी दिलेल्या औषधात कापसाचा बोळा भिजवला, तो भोकात घातला आणि ओल्या मातीने भोक लिंपून टाकले. ते औषध विषारी होते. म्हणून आम्हा मुलांना त्यांनी जवळ येऊ दिले नाही. काम झाल्यावर साबणाने हात स्वच्छ धुतले. पुढचे पंधरा दिवस ते रोज बुंध्याकडे पाहत होते. नवा भुसा पडला नाही.

पुढच्या वर्षी त्या झाडाला नेहमीसारखा मोहोर आला.

सगळेच शत्रू आहेत का?

पुढे मी शिक्षक झालो. लांबशिंगी भुंगेऱ्यांबद्दल आणखी वाचले. तेव्हा मला कळले, की या कुळातले सगळेच किडे झाडांचे शत्रू नाहीत. पुष्कळ जातींच्या अळ्या जंगलात पडलेले मेलेले लाकूडच खातात. त्यामुळे ते लाकूड लवकर कुजते आणि मातीत मिसळते. त्याच मातीतून नवी झाडे उगवतात. सुतार पक्षी खोडावर चोच मारून अशा अळ्या शोधतो आणि खातो. म्हणजे निसर्गात या किड्यांनाही त्यांचे काम आहे आणि त्यांच्यावर अंकुशही आहे. भिरूड मात्र जिवंत झाडाला लागतो. म्हणून बागायतदाराला त्याच्यापासून सावध राहावे लागते.

हे संकट केवळ आपल्या कोकणापुरते नाही. चीनमध्ये भिरूडाच्याच कुळातला एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगेरा आहे. मालाच्या लाकडी खोक्यांत लपून तो समुद्रापार अमेरिकेत पोहोचला. 1996 साली न्यूयॉर्क शहरात आणि 1998 साली शिकागो शहरात तो सापडला. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याकडेच्या झाडांना पडलेली गोल भोके तिथल्या रहिवाशांच्याच नजरेला आली. शिकागोत दीड हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. पण नागरिक आणि सरकार जागरूक राहिले, म्हणून 2008 साली ते शहर या किड्यापासून मुक्त झाले. आता परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे लाकूड आधी आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसवर निदान 30 मिनिटे तापवतात, किंवा मान्य केलेल्या दुसऱ्या पद्धतीने निर्जंतुक करतात. त्यामुळे आत लपलेल्या अळ्या मरतात.

न्यूयॉर्कचे रहिवासी असोत की कोकणातले आमचे नानाजान, झाड वाचवण्याची सुरुवात एकाच गोष्टीपासून होते. ती म्हणजे आपल्या दारातल्या झाडाकडे रोज नीट पाहणे.

नानाजान आज हयात नाहीत. पण मला त्यांची एक सवय आठवते. विहिरीजवळचे झाड गेल्यापासून फजरची नमाज पढून आले की ते आधी अंगणातल्या आंब्याला एक फेरी घालीत. वर फळांकडे नाही, खाली जमिनीकडे पाहत. ते झाड अजून उभे आहे. आता मे महिन्यात माझी मुले त्याच्या सावलीत आंबे खातात. आणि दिवाळीत तिथे गेलो, की त्यांच्या आधी मी बुंध्याकडे पाहून येतो.

शब्दार्थ

खोड – झाडाचा तना
साल – छाल
भुसा – लाकडाचा बुरादा
पोखरणे – आतून खाऊन पोकळ करणे
ओंडका – तोडलेल्या खोडाचा जाड तुकडा
तर्क – अंदाज, कयास
मोहोर – आंब्याचा बौर
सशक्त – ताकदवान, मजबूत
तग धरणे – टिकून राहणे
लिंपणे – मातीने बंद करणे
अंकुश – ताबा, काबू
हयात – जिवंत (हा शब्द उर्दूतही आहे.)

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विहिरीजवळचे झाड कोणी लावले होते?
(आ) भुंगेरा "किर्र किर्र" असा आवाज कसा काढतो?
(इ) भुंगेरे खोडातून कधी बाहेर पडतात?

2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भिरूड भुंगेरा कसा दिसतो?
(आ) भिरूडाची अळी झाडाचे नुकसान कसे करते?
(इ) नानाजानांनी अंगणातले झाड कसे वाचवले?

3. कारणे लिहा.
(अ) तोडलेले लाकूड पावसाळ्यापूर्वीच जाळून टाकले.
(आ) औषध लावताना नानाजानांनी मुलांना जवळ येऊ दिले नाही.

4. "झाड मला सांगत होते, पण मी ऐकले नाही." हे वाक्य कोण, कोणाला, केव्हा म्हणाले? त्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

5. पुढील अवस्था योग्य क्रमाने लिहा : कोष, अळी, भुंगेरा, अंडे.

6. उपक्रम : तुमच्या घराजवळच्या किंवा शाळेतल्या एका झाडाचे आठवडाभर निरीक्षण करा. बुंधा, साल, पाने आणि झाडाखालची जमीन यांवर रोज काय दिसते, ते वहीत लिहा.